सत्तावीस वर्षं धाकटी

“बोलावलेला पाहुणा, राबलेला घरचा,” असं धाकटी म्हणायची. सुईत दोरा ओवताना म्हणायची, दुकानाचं शटर ओढताना म्हणायची. सेवा मंडळाच्या बैठकीत तर मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणायची, की तिचे हलणारे ओठ पाहून हेडमास्तरांना वाटायचं, बाई जप करतेय.

धाकटी म्हणजे कुणी पोरसवदा मुलगी नव्हे. साठीला एक वर्ष कमी. जिना चढताना गुडघा वाजतो, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, नातू शाळेत जातो. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान. दोन मशिनी, एक कापायचं टेबल, आणि भिंतीवर चार शाळांच्या गणवेशांचे नमुने माणसं टांगावीत तसे टांगलेले. गल्लीत ती मावशी. घरात सगळ्यांची थोरली. फक्त मंडळात धाकटी, कारण तिथं तिच्याहून लहान कुणी नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी ती आली तेव्हा नव्हतं आणि नंतर कुणी आलंच नाही.

शेवटी आलेल्यानं जे करायचं असतं ते सगळं तिच्याकडे. खुर्च्या मांडणं, खुर्च्या उचलणं, दिवा गेला तर स्टुलावर चढणं, किटली भरणं, कप धुणं. “धाकटे, जरा पंखा,” असं पंचाहत्तरीतले पोस्टमास्तर म्हणायचे आणि ती वाजत्या गुडघ्यानं उठायची. एकदा घरी पाय शेकत बसली असताना सूनबाई म्हणाली, “आई, घरात तुम्ही थोरल्या म्हणून राबता, तिकडं धाकट्या म्हणून राबता. तुमचं बसायचं वय नक्की कुठं आहे, ते सांगा. आपण तिथं एक गादी टाकू.”

“बैठकीत बसते की मी,” धाकटी म्हणाली. “तीन तीन तास बसते. त्यानंच तर पाय धरतात.”

मंडळाचं काम तसं सोपं आणि सोन्यासारखं. वाचनालयाच्या मागं दोन खोल्या, पुढं व्हरांडा आणि चार पायऱ्या. खोल्यांत आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू. लोखंडी पलंग, ज्यांची डोक्याकडची बाजू हँडल फिरवून उचलता येते. चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, बेडपॅन. ज्याला लागेल त्यानं न्यावं, माणूस बरा झाला की किंवा गेला की परत आणावं. एवढंच. प्रत्येक वस्तूवर रंगानं नंबर टाकलेला. धाकटीला त्या वस्तूंचे स्वभाव माहीत. सात नंबरची खुर्ची उजवीकडे ओढते, तिला शेतातल्या हट्टी बैलासारखं डावीकडं दाबून चालवावं लागतं. तीन नंबरच्या पलंगाचं हँडल मधेच अडतं. अकरा नंबरचा वॉकर चार घरांतून माणूस गेल्यावरच परत आला होता, म्हणून तो कुणाला देताना ती त्याच्या मुठींना नवं कापड शिवायची. जुन्या हातांचा घाम नव्या हातांना लागू नये.

ती स्वतः मंडळात अशाच एका वस्तूपायी आली होती. नवरा रंगारी होता, शिडीवरून पडला आणि कमरेखालून गेला. कुणीतरी सांगितलं म्हणून मंडळातून पलंग आणला. आठ महिने तो त्या पलंगावर होता. तो गेल्यावर ती पलंग परत द्यायला आली, तेव्हा गादीला नवी खोळ शिवूनच आली, कारण फाटकी वस्तू परत करणं तिच्या हाताला जमेना. खोल्यांत पाहिलं तर सगळ्याच खोळी फाटलेल्या. ती कोपऱ्यात खाली बसली, पिशवीतून सुई काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तीन आठवड्यांनी पोस्टमास्तरांनी विचारलं, “बाई, तुम्ही कोण?”

ती म्हणाली, “पुढची खोळ कुठली घेऊ ते सांगा.”

मग एका बैठकीत ठराव झाला आणि बत्तीस वर्षांच्या त्या बाईला मंडळाची ‘युवा प्रतिनिधी’ नेमण्यात आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीनं चहा केला. तो ठराव अजून तसाच होता आणि तो चहाही.

बैठकीची एक रीत होती. आधी मागच्या बैठकीचं इतिवृत्त पोस्टमास्तर वाचणार, म्हणजे कोण आलं, कोण काय बोललं, सगळं. मग वयाच्या क्रमानं एकेकानं मत द्यायचं, सर्वांत थोरल्यानं आधी. हेडमास्तर अध्यक्ष आणि थोरलेही, त्यांचं मत पाऊण तासाचं. घागरीत पाणी भरत जावं तसा वेळ भरत जायचा आणि धाकटीची पाळी येईपर्यंत काठोकाठ व्हायचा. तिनं तोंड उघडावं तर बाकीचे चपला शोधत असायचे. सत्तावीस वर्षांच्या इतिवृत्तांत तिच्याबद्दल एकच वाक्य सापडायचं: “धाकटीने चहा दिला. सर्वांनी आस्वाद घेतला.”

अशात पालिकेच्या कचेरीतून पत्र आलं. खोल्या पालिकेच्या. ज्या संस्थेत तीस वर्षांखालचे किमान दहा कार्यरत सभासद असतील तिलाच जागा पुढं मिळेल, बाकीच्यांनी रिकामी करावी. मुदत सहा महिने. मंडळात अकरा सभासद आणि सगळ्यांच्या वयांची बेरीज केली तर एखाद्या किल्ल्याचं वय निघालं असतं.

धाकटी पत्र ऐकून घरी आली ती जेवलीच नाही. पलंग कुठं ठेवायचे? तिच्या दुकानात दोन मशिनींमध्ये आडवं पडायला मांजराला जागा नाही. खोल्या गेल्या म्हणजे पलंग भंगारात जाणार, आणि उद्या एखाद्या घरात माणूस पडला तर त्याच्या बायकोनं जायचं कुठं?

मंडळानं मात्र उत्साहानं ठराव केला: तरुणांना आकर्षित करण्यासाठी मेळावा घ्यावा. हेडमास्तरांनी स्वतः फलक लिहिला. ‘तरुणांनो, या.’ अक्षर मोत्यासारखं. चाळीस खुर्च्या आणवल्या. मेळाव्याच्या दिवशी चार वाजता धाकटी खुर्च्या मांडत होती, तेव्हा व्हरांड्यात आवाज झाला. तिथं रोज दुपारी पार्सल पोहोचवणारी पोरं बसायची. पाठीवर चौकोनी पेट्या, पायऱ्यांशी स्कूटर उभ्या, फोनकडं डोळे. पुढचं काम येईपर्यंत सावलीला टेकायची. आठ-नऊ पोरं, त्यात एक लाल हेल्मेटवाली मुलगी, आवाजानं सगळ्यांत मोठी.

हेडमास्तर त्यांच्यावर ओरडत होते, “हलवा त्या गाड्या. इथं कार्यक्रम आहे.”

“कसला कार्यक्रम, काका?” लाल हेल्मेटनं विचारलं.

“तरुणांचा आहे. त्यांना यायला वाट नको का? उठा बघू.”

पोरं उठली. गाड्या पलीकडच्या भिंतीला लागल्या. धाकटीच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. ओरडून काहीतरी सांगावंसं वाटलं, पण पाळी तिची नव्हती. त्या दिवशी मेळाव्याला दोन मुलं आली. एकाला कॉलेजात दाखवायला प्रमाणपत्र हवं होतं. दुसरा वाचनालय समजून आत आला होता आणि लाजेपोटी दोन तास बसून राहिला. ‘आजच्या तरुणांपुढील आव्हाने’ या विषयावर हेडमास्तर त्या दोघांशी एक तास वीस मिनिटं बोलले. इतिवृत्तात आलं: “मेळावा उत्साहात पार पडला. धाकटीने चहा दिला.”

“अडतीस खुर्च्या रिकाम्या होत्या, हे लिहा की,” धाकटी म्हणाली. पण तेव्हा पोस्टमास्तर चप्पल घालत होते.

पुढच्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला. वडिलांना चार वाजता दवाखान्यातून घरी सोडताहेत, तिसरा मजला, पलंग मिळेल का? मंडळाचा हातगाडीवाला गावाला गेलेला. पोस्टमास्तरांची कंबर धरलेली. हेडमास्तर म्हणाले, “उद्या बैठकीत विषय घेऊ.” धाकटीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग खोलीत गेली, तीन नंबरच्या पलंगाचं डोकं सुटं केलं आणि एकटीच ओढत व्हरांड्यात आणलं. पायरीशी ते अडलं. लोखंडाचा आवाज तिच्या दातांत गेला.

“मावशी, कुठं न्यायचंय?” लाल हेल्मेटनं विचारलं.

“तुला काय करायचंय?” धाकटी खेकसली. राग दुसऱ्याचा होता, पण समोर हीच होती.

“मला काहीच करायचं नाही. पण माझं पुढचं काम यायला वीस मिनिटं आहेत आणि तुम्ही पायरी अडवलीय.”

धाकटीला हसू आलं, ते तिनं गिळलं. “तिसरा मजला आहे. लिफ्ट बंद आहे.”

“मग चार जण लागतील. ए, उठा रे, मावशींचा जिना आलाय.”

पोरांनी पलंग नेला. पोरंच ती, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत चार वेळा भांडली आणि एकदा पलंग भिंतीला लागला, पण नेला. लाल हेल्मेटनं स्कूटरच्या डिकीतून पाना काढला, अडणारं हँडल उघडलं, आत गुंतलेली दोरी काढून टाकली. ती दोरी तिथं कित्येक वर्षं होती आणि पलंग म्हातारा झाला म्हणून अडतो, असं मंडळ समजत होतं. म्हाताऱ्या बापाला झोपवल्यावर मुलीनं हँडल फिरवलं. डोक्याची बाजू हळूहळू उचलली गेली, सकाळी रोपानं मान वर करावी तशी. म्हातारा म्हणाला, “अरे, झाड दिसतंय.” खिडकीबाहेर एक झाड होतं खरं. पोरं एवढीशी झाली. कुणाचा फोन वाजत होता, त्यानं तो खिशात दाबला.

परत आल्यावर धाकटीनं व्हरांड्याच्या खिडकीला सुतळीनं बांधलेली वही उघडली. तीत चार रकाने: तारीख, वस्तू, पत्ता, पोहोचवणारा. पहिले तीन तिनं भरले आणि लाल हेल्मेटला म्हणाली, “शेवटचं तू लिही. नेलंस तू.” आणि स्वतः आतली खोली बंद करायला गेली. मुलीनं वरची ओळ पाहिली. त्यावरची पाहिली. पान उलटून पाहिलं. मग जसं वर होतं तसंच खाली लिहिलं.

त्यानंतर हे रोजचंच झालं. बोलावलं कुणी नव्हतं. दुपारी पोरं टेकलेली असायची, खिडकीत वही असायची, आणि धाकटी दुकानात गेलेली असली तरी तिची चिठ्ठी वहीत असायची: सात नंबरची खुर्ची, अमका पत्ता, डावीकडं दाबून चालवणे. ज्याच्या वाटेवर पत्ता यायचा तो न्यायचा. स्कूटरच्या मागं वॉकर उलटा बांधायची एक गाठ एका पोरानं काढली, ती बाकीच्यांनी उचलली. वस्तू जाऊ लागल्या, परत येऊ लागल्या. धाकटी रोज वही पाहायची, पण वस्तू आणि पत्ता एवढंच वाचायची. शेवटचा रकाना सत्तावीस वर्षं तिचाच होता. स्वतःचं नाव कोण वाचतं?

मंडळाला हे कळलं तेव्हा मंडळ आनंदलं आणि लगेच मंडळानं त्यात माती कालवली. पोस्टमास्तरांनी प्रवेश-अर्ज काढले. अर्ज पाच पानी, चाळीस वर्षांपूर्वी छापलेला. त्यात अर्जदाराला किमान दहा वर्षं ओळखणाऱ्या दोन सभासदांची शिफारस हवी होती आणि वडिलांचा हुद्दा.

“मावशी,” लाल हेल्मेट म्हणाली, “खुर्ची मी न्यायची आणि हुद्दा बाबांचा?”

“दहा वर्षांपूर्वी मी बारा वर्षांचा होतो,” दुसरा म्हणाला. “तेव्हा मला ओळखणारे दोघंच. एक आई, आणि एक काचवाला.”

“काचवाला कशानं?”

“खिडक्या फोडायचो.”

अर्जाची पानं जाडजूड होती. ती स्कूटरच्या स्टँडखाली छान बसली.

धाकटीनं बैठकीत सांगायचं ठरवलं की अर्ज अर्ध्या पानाचा करा, ओळखीची अट काढा. तीन बैठका ती पाळीची वाट बघत बसली. तिसऱ्या वेळी बोललीसुद्धा. उत्तरादाखल हेडमास्तर म्हणाले, “धाकटे, घटना अशी बदलत नसते,” आणि चष्म्याच्या घरात चष्मा ठेवून टप्‌ असा आवाज केला. ती घरी आली आणि एका गणवेशाला चुकून दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा.

सहा महिने संपत आले. पालिकेतून तपासणीला साहेब येणार, दुपारी चार वाजता. धाकटीनं व्हरांड्यात जाऊन पोरांना हात जोडले नाहीत, तेवढंच बाकी ठेवलं. “अर्धा तास आत बसा. साहेब मोजतील आणि जातील. मग तुम्ही मोकळे.” पोरं नऊ होती. नऊच्या नऊ आली, हेल्मेट मांडीवर घेऊन पुढच्या रांगेत बसली. हेडमास्तरांनी दोन मिनिटं बोलायचं कबूल केलं होतं.

साहेबांना उशीर झाला. दोन मिनिटांची दहा झाली. हेडमास्तर मंडळाच्या स्थापनेपाशी होते आणि पुढं चाळीस वर्षं पसरलेली होती. एक फोन वाजला. एक पोरगा वाकून बाहेर गेला. दुसरा वाजला. त्यांचं पोट त्या फोनवर होतं, कामाला नाही म्हटलं की पुढचं काम उशिरा येतं. एकेक उठत गेला. प्रत्येक जण जाताना धाकटीकडं बघून कानाची पाळी धरायचा. शेवटी लाल हेल्मेट उठली. “मावशी, अकरा नंबर पोचवून आलेच,” असं कुजबुजली आणि गेली. हेडमास्तर अजून बोलत होते. साहेब आत आले तेव्हा खोलीत चाळीस खुर्च्या होत्या, चार म्हातारी माणसं होती, आणि एक वाक्य होतं: “आजचा तरुण थांबायला तयार नाही.”

साहेब घामेजलेले, हातात फाईल. खुर्च्यांकडं बघून म्हणाले, “सभासद कुठं आहेत?”

“आत्ताच होते,” हेडमास्तर म्हणाले.

“हं,” साहेब म्हणाले. असं त्यांनी त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी ऐकलं असावं.

“सर, तुम्ही खाली बसा,” धाकटी म्हणाली.

साहेबांना वाटलं, त्यांना म्हणतेय. ते बसले. पण ती हेडमास्तरांना म्हणत होती, आणि तेही बसले. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ती पाळी सोडून बोलली.

“पोरं होती, साहेब. नऊ. आम्ही बोलून घालवली. चार महिने तीच काम करताहेत, आणि आम्ही त्यांच्याकडं बापाचा हुद्दा मागतोय. तुमच्या पत्रात ‘कार्यरत’ लिहिलंय ना? मग खुर्च्या कशाला बघता, काम बघा.” तिनं खिडकीची सुतळी सोडली आणि वही त्यांच्या पुढ्यात ठेवली. “शेवटचा रकाना.”

साहेबांनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. भुवया वर गेल्या. “ही धाकटी कोण?”

“मी.”

“मंगळवारी तुम्ही एका दिवसात पाच ठिकाणी गेलात? गावाच्या दोन टोकांना? पलंग घेऊन?”

धाकटीनं वही ओढून घेतली, चष्मा नाकावर दाबला. रकाना वरून खाली भरलेला होता. धाकटी. धाकटी. धाकटी. चार महिने, पानामागून पान, सगळीकडं धाकटी. एकुलता एक पुरावा, आणि त्यात तिच्याशिवाय कुणी नाही.

साहेबांनी फाईल मिटली. तेवढ्यात पायऱ्यांवर धाड्‌धाड्‌ पावलं वाजली आणि लाल हेल्मेट आत आली. “पोचवला अकरा नंबर. आजी म्हणाल्या, मुठी छान शिवल्यात.” मग सगळ्यांचे चेहरे बघून थांबली.

“हे तू लिहिलंस?” साहेबांनी वही दाखवली.

“हो. हे, हे, आणि हे.”

“तुझं नाव धाकटी?”

“नाही हो. तो हुद्दा आहे ना?” ती म्हणाली. “पोहोचवणाऱ्याला इथं धाकटी म्हणतात. जुन्या पानांवर सगळीकडं तेच आहे.”

“आणि मुलगे?”

“मुलगेपण धाकटीच. पहिल्यांदा हसले ते. मग म्हटलं, जुनी संस्था आहे, असेल काहीतरी रीत.”

मग पोस्टमास्तरांच्या घशातून एक विचित्र आवाज आला, तो हसण्याचा होता हे सगळ्यांना उशिरा कळलं.

“साहेब, नऊ ही आहेत,” पोस्टमास्तर डोळे पुसत म्हणाले, “आणि दहावी आमच्याकडं कागदोपत्री आहे. ठराव आहे. बाई युवा प्रतिनिधी आहेत, अजून पदमुक्त केलेलं नाही.”

“नको,” धाकटी म्हणाली. “मी आजी आहे. मला तरुण दाखवून खोल्या राहणार असतील तर नकोत त्या खोल्या. सत्तावीस वर्षं फुकटची तरुण राहिले, पुरे झालं.”

साहेब म्हणाले, “मग एक कमी पडतो, बाई. आणि ही नऊ वेगळी माणसं आहेत, हे तरी कशावरून?”

तेव्हा हेडमास्तरांनी हात पुढं केला. “वही द्या इकडं.” आयुष्यभर त्यांनी पोरांची अक्षरं तपासली होती. भिंग काढलं आणि वाकले. आता त्या खोलीत पहिल्यांदाच ते न बोलता बसले होते. मग बोट ठेवत गेले. “हा एक हात. याचा ‘क’ आडवा पडतो. हा दुसरा, वेलांटी घाईत ओढलेली. हा तिसरा. याला कुणी ‘ध’ शिकवला? डोक्यावर रेघ मारलीय, ‘घाकटी’ झालीय. ध चा मा झाल्याचं ऐकलं होतं, इथं ध चा घ झाला.” असं करत करत ते नऊपर्यंत आले, आणि थांबले नाहीत. “आणि हा दहावा. बारीक, सरळ, बाईचा हात. फक्त शनिवारी आहे. आणि ही आमची धाकटी नव्हे. तिचा ‘ट’ टाका घातल्यासारखा असतो.”

धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. सत्तावीस वर्षांत या माणसानं तिचा ‘ट’ पाहिला होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

“ती तिसऱ्या मजल्यावरची ताई,” लाल हेल्मेट म्हणाली. “तिचे बाबा हिंडायला लागले, तशी ती पलंग परत द्यायला आली होती. वहीत चिठ्ठी बघितली, कुबड्या तिच्याच गल्लीतल्या होत्या, नेऊन दिल्या. तेव्हापासून दर शनिवारी येते. तुम्ही शनिवारी दुकानात असता ना, मावशी.”

धाकटी जवळच्या खुर्चीवर बसली. चाळीसातल्या एकीचा तरी उपयोग झाला. कुणी बोलावलं नव्हतं त्या मुलीला. पलंग परत करायला आली आणि राहिली.

“माझी कचेरी साडेपाचला बंद होते,” साहेब म्हणाले, पण फाईल पुन्हा उघडत म्हणाले.

लाल हेल्मेटनं फोन लावले. पोरं जशी मोकळी होतील तशी येत गेली, एकेक करून, पाठीवरची पेटीही न उतरवता. साहेबांच्या कागदावर खरं नाव, वय, सही, आणि खाली एकदा ‘धाकटी’ असं लिहायचं. हेडमास्तर वहीशी ताडून बघायचे आणि मान हलवायचे. रेघवाल्या पोराला त्यांनी थांबवलं. “ध चं डोकं उघडं ठेव, बाळ. झाकलं की अर्थ गेला.” पोरानं पुन्हा लिहिलं. पाच वाजून दहा मिनिटांनी लाल हेल्मेटच्या मागं बसून तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी आली. औषधाच्या दुकानात कामाला होती, अंगावर अजून तिथला पांढरा कोट. तिनं लिहिलं, वय सव्वीस. धाकटीकडं बघून म्हणाली, “मावशी, त्या तीन नंबरच्या गादीची खोळ मी धुतली होती. पण एक शिवण उसवलीय, मला शिवता आली नाही.”

“आण,” धाकटी म्हणाली.

साहेबांनी कागद मोजले, दहा. पत्र काढून पुन्हा वाचलं. “कार्यरत असं लिहिलंय. अर्ज भरलेले असं कुठं नाही,” ते स्वतःशीच म्हणाले, आणि शेरा लिहिला: जागा पुढे चालू. मग विचारलं, “चहा मिळेल का?”

सगळ्यांनी सवयीनं धाकटीकडं पाहिलं. पोस्टमास्तरांनी इतिवृत्ताची वही उघडून पेन टेकवलंसुद्धा. आणि हेडमास्तर उठले, घसा साफ केला. “या प्रसंगी मी दोनच शब्द...”

धाकटीनं कोपऱ्यातली किटली उचलली. तिचं झाकण पुसलं, दांडी पुसली, आणि ती हेडमास्तरांच्या हातात दिली. “साखर डाव्या फडताळात. कप धुवून ठेवा, सर, मुंग्या येतात.” मग तिनं पिशवी खांद्याला लावली, चौदा नंबरच्या कुबड्या काखेत घेतल्या, कारण त्यांचा पत्ता तिच्या दुकानाच्या वाटेवर होता, आणि वहीतला शेवटचा रकाना रिकामाच सोडून पायऱ्या उतरली.

लाल हेल्मेट पायरीवरून बघत होती. तिचा फोन वाजत होता, तो तिनं उचलला नाही. दारात किटली धरून हेडमास्तर उभे होते, दोन शब्द तोंडातच. गल्लीच्या वळणापर्यंत कुबड्यांची टोकं दिसत राहिली. मग तीही दिसेनाशी झाली, आणि हेडमास्तरांनी हळूच विचारलं, “डावं फडताळ म्हणजे नेमकं कुठलं?”